तेहतीस अनारसे

सिंधुबाईंनी टोपली टेबलावर ठेवली आणि महिपतीचा हात आपसूक तिच्याकडे गेला. त्यांनी तो चापट मारून परत पाठवला.

“जावयाचं हायती. तेहतीस, मोजून. धोंड्याचा म्हैना हाय, ठावं न्हाय व्हय?”

१९५८ सालचा अधिक श्रावण होता. बारामतीत खाजगी तपास करणाऱ्या मोहनरावांच्या खोलीत गुन्हे कमी आणि जुनी पंचांगं फार. जन्मतारीख ऐकली की ते वार सांगत, जगून झालेले दिवस सांगत. सकाळीच ते सोबत्याला म्हणाले होते, “महिपती, काल तू पंधरा हजार दिवसांचा झालास.”

“मग कालच सांगायचं. पेढे तरी खाल्ले असते!”

सिंधुबाई सांगवीच्या. मागे दारात त्यांची धाकटी नकोशी पदराचं टोक पिळत उभी होती. वय एकवीस.

“थोरलीला तिशीचा नवरा म्हनून दिली,” सिंधुबाई म्हणाल्या. “ऐन हळदीत त्याची कवळी परातीत पडली! आता हिला इंदापूरचाच सिद्धू सांगून आलाय. चोवीसचा म्हनत्यात. मला धीर न्हाय. ही बी खुळ्यावानी करती. आठ दिसाला थोरलीकडं इंदापूरला जाती, आन येताना काजळाची डबी हरवून येती. तुमी त्याचं खरं वय काढा. थोराड निघाला तर आजच न्हाय म्हनून सांगते.”

चौघं एसटीनं इंदापूरला पोचले. सिद्धूला वाढवणाऱ्या सरुआत्यानं पत्रिका पुढे केली. श्रावण, शके १८५६.

“म्हणजे सन चौतीस. चोवीस बरोबर!” महिपती खूश झाला. एसटीत सांभाळायला दिलेली टोपली अजून त्याच्या मांडीवर होती.

मोहनरावांनी हळूच विचारलं, “जन्माच्या वेळी मुलाचे वडील कुठं होते?”

“सासुरवाडीलाच की! आत बाळंतपन, भाईर जावई वानाचं अनारसं खात बसल्याला. तेविसाव्याला पोर रडलं. तरी उरल्यालं धा संपवूनच उठला बाबा!”

तेवढ्यात सिद्धू आला. गालफड सुजलेलं, गळ्याला मफलर, मिशी मात्र काळीभोर.

“दाढ दुखतेय?” मोहनरावांनी विचारलं.

“उगवतीया. अक्कलदाढ.” त्यानं बशीतला चहा भुरकला. बशीच्या काठाला काळं लागलं.

महिपती कुजबुजला, “कलप! मिशी पिकलीय. चाळिशीचा आहे हो!”

मोहनरावांनी घसा खाकरला. “पत्रिका खोटी आहे.”

सिंधुबाई टोपली उचलून उठल्याच.

“बसा, बाई. जावयाला अनारशाचं वाण देतात ते धोंड्यात. धोंडा येतो साधारण तीन वर्षांनी, आणि दर वेळी श्रावणातच येतो असं नाही. पत्रिकेत महिना श्रावण आहे, पण चौतीस साली धोंडा वैशाखात होता. श्रावणात आला अठ्ठावीस, एकोणचाळीस आणि सत्तेचाळीस साली. सत्तेचाळीस धरलं, तर नवरदेव अकरा वर्षांचे होतात.”

“मग अठ्ठावीस! तिशीचा!” महिपतीनं मांडी थोपटली.

“तिशीत अक्कलदाढ सहसा उगवत नाही. आणि वाळलेला कलप चहानं उतरत नाही. उतरतं ते काजळ. पिकलेली मिशी लपवायला नव्हे, न आलेली दाखवायला. सिद्धू एकोणीस वर्षांचा आहे.”

सिद्धूनं मफलर तोंडावर ओढला.

“हिच्यापरीस दोन वर्सानं ल्हान?” सिंधुबाईंनी टोपली खाली ठेवली.

“काय करू?” सरुआत्या रडकुंडीला आली. “पोरगं हीच पायजे म्हनून अडून बसलं. ल्हान नवरा तुमी पत्करला असता व्हय? मीच पत्रिकंत पाच वर्सं चढवून घेतली.”

“आन काजळ कुनाचं?” सिंधुबाईंनी विचारलं.

मोहनराव चष्मा पुसू लागले. ते कुणाकडेच बघेनात. पण बाकी सगळ्यांनी नकोशीकडे बघितलं.

ती लाल झाली. “हितं आले की मिशी मीच काढून देते. त्याला दोनी बाजू सारख्या जमत न्हाईत.”

सिंधुबाईंनी टोपलीवरचं फडकं काढलं. मग त्यांनी टोपली सिद्धूपुढे सरकवली.

“थोरल्यासाठी पुन्यांदा करीन. त्याचं दात पडून गेलं, ह्याचं अजून यायचं हायत. खा, जावईबापू.”

सिद्धूनं आनंदानं अनारसा तोंडात टाकला, आणि दाढेवर हात धरून असा ओरडला की गोठ्यातली म्हैस हंबरली.

“आम्ही हातभार लावू का?” महिपतीनं नम्रपणे हात पुढे केला.

चापट तयारच होती.