तोंड, मासा आणि हन्नाबाईचा दगड

"बाई, आज लवकर सोडा ना! बाळ येशूच्या गोठ्यासाठी शेवाळ आणायचंय!" युजीनने चौथ्यांदा भुणभुण लावली.

"नाताळला अजून तीन दिवस आहेत," रूथबाई फळ्याकडचं तोंड न वळवता म्हणाल्या. "आधी हे अक्षर सांग. कुठलं?"

"पे!"

"पे म्हणजे?"

"तोंड! आत एक दातपण आहे!"

"शाब्बास. आणि हे, गळासारखं वाकलेलं?"

"नून! नून म्हणजे मासा!" युजीन ओरडला. "तोंड आणि मासा! बाई, म्हणजे जेवायची वेळ झाली!"

सरला खो खो हसली. रूथबाईंनाही हसू आवरेना. सिप्पोरा मात्र पाटीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत होती.

१९७८ सालची नाताळची सुट्टी होती. रूथबाई चेऊलकर प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि सांडोरच्या आपल्या घराच्या ओटीवर ज्यू मुलांना हिब्रू अक्षरं, सण आणि जुन्या गोष्टी शिकवत होत्या. पूर्वी त्यांच्या चटया भरून जायच्या. मग एकेक कुटुंब इस्राएलला जाऊ लागलं. मागच्याच महिन्यात आचोळ्याची दोन भावंडं विमानात बसली आणि वर्गात सिप्पोरा नागावकर एकटीच उरली. तिला सोबत म्हणून बाईंनी तिच्या शाळेतल्या युजीनला आणि सरलाला बोलावलं. त्या दोघांना तर मजाच वाटत होती! कंटाळा यायचा तो सिप्पोराला. शाळेत कुणी विचारलं, "तुमची दिवाळी कधी गं?" की ती नुसतीच पुटपुटायची. ही अक्षरं कुठल्या तरी लांबच्या देशातली. सांडोरच्या केळीच्या वाड्यांत त्यांचं काय काम?

"परवा संध्याकाळी हनुक्याचा पहिला दिवा," बाई म्हणाल्या. "का लावायचा?"

"यरुशलेमच्या मंदिरात एका दिवसापुरतंच तेल उरलं होतं. ते आठ दिवस पुरलं!" सरलाने सांगून टाकलं.

"आणि कोकणात आल्यावर आपले लोक काय करू लागले? सिप्पोरा?"

"तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे," सिप्पोराने पाठ केलेलं म्हणून टाकलं.

"बरं, पळा आता!"

वाक्य पुरं व्हायच्या आत युजीन अंगणात पोचला होता!

शेवाळ हवं तर पाटाकडे जायचं. वाड्यांना पाणी देणाऱ्या त्या पाटावर काशीराम कंत्राटदार बैलगाड्यांसाठी नवा साकव, म्हणजे छोटा पूल, बांधत होता. काठावर चार लांबट काळे दगड टेकवून ठेवले होते आणि त्यांच्यावर हिरवंगार, मऊ शेवाळ!

"सापडला खजिना!" युजीनने बोटांनी एक मोठा तुकडा सोलून काढला आणि तो तसाच थांबला. "सिप्पोरा! तोंड!"

"कुणाचं?"

"अगं, पे! आणि हा बघ, शेजारी मासा!"

"काहीतरीच काय!" सिप्पोरा पुढे आली. पण दगडात खरंच दोन अक्षरं कोरलेली होती, अगदी बाईंनी फळ्यावर काढली होती तश्शी. तिने पेच्या खोबणीत बोट फिरवलं. दगड गार होता.

"ए पोरांनो! हात लावू नका दगडांना!" काशीराम टोपी सावरत धावत आला. "जेवणानंतर पालथे घालून वर सिमेंट ओतायचंय!"

"काका, यावर अक्षरं आहेत!"

"कसली अक्षरं? टाकीचे घाव ते!"

"पण दगड आणले कुठून?" सरलाने विचारलं.

"तळ्यापलीकडे, चिंचेखाली पडले होते. पडीक जागा आहे, कुणाची मालकी नाही. दगड तो दगड! चला, निघा!"

तिघंही निघाली, पण घरी नाही. तळ्याला वळसा घालून ती धापा टाकत चिंचेखाली पोचली. झुडपं नुकतीच तोडलेली होती आणि ताज्या उकरलेल्या मातीत चार लांबट खळगे होते. एकाशेजारी एक, ओळीने.

"हे कुणीतरी मांडून ठेवलेले दगड होते," सरला हळूच म्हणाली.

पुढच्या पाच मिनिटांत तिघंही बाईंच्या ओटीवर होती. सिप्पोराने पाटीवर ती दोन अक्षरं काढून दाखवली मात्र, रूथबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"ही दोन अक्षरं अशी जोडीने एकाच ठिकाणी कोरतात, पोरी. 'पो निकबार' या शब्दांची ती पहिली अक्षरं. म्हणजे 'इथे मूठमाती दिली आहे.' कबरीचे दगड आहेत ते. आपल्या माणसांच्या!"

"आपली माणसं? इथे? सांडोरला?" सिप्पोराचा विश्वास बसेना.

"मलाही ठाऊक नव्हतं गं!" बाई म्हणाल्या आणि ताडकन उठल्या. "सरला, तुझे आजोबा पंचायतीत आहेत ना? कुठे आहेत ते?"

"आज शुक्रवार ना, पापडीच्या बाजाराला गेलेत."

"मी टांगा करून त्यांना घेऊन येते. पण तोवर त्या दगडांवर सिमेंट पडता कामा नये!"

"नाही पडणार!" सिप्पोरा म्हणाली. एवढ्या मोठ्याने ती या ओटीवर कधीच बोलली नव्हती.

पण अडवायचं कसं? तीन पोरांचं ऐकतो कोण?

"भांडून उपयोग नाही," सरला म्हणाली.

"मग मदतच करू या त्यांना!" सिप्पोराचे डोळे चमकले. "युजीन, तुझ्या घरी नाताळसाठी भिंतींना चुना लावताहेत ना? अर्धी बादली आण!"

काशीराम डबा उघडून जेवायला बसला होता. तिन्ही पोरं साळसूदपणे पुढे उभी राहिली.

"काका," युजीन म्हणाला, "माझे पप्पा गवंडी आहेत. ते म्हणतात, न धुतलेल्या दगडाला सिमेंट धरत नाही. साकव खचला तर नाव कंत्राटदाराचं जातं!"

काशीरामचा घास हातातच राहिला. "मला शिकवतोस? धुणारच होतो मी!"

"आम्ही धुतो की! सुट्टीच आहे!" सरला गोड हसून म्हणाली.

काशीरामने तिघांकडे पाहिलं. फुकटात काम होतंय, कोण नाही म्हणेल? "धुवा! पण चारही दगड लख्ख झाले पाहिजेत!" असं म्हणून डबा संपवून तो चहा प्यायला नाक्यावर गेला.

मग काय! पाटाचं पाणी आणि नारळाची सोडणं घेऊन तिघं भिडली. घासून घासून हातांची सालपटं निघाली. शेवाळ गेलं, चिखल गेला. मग सिप्पोराने चुन्यात बुडवलेलं फडकं दगडावरून फिरवलं आणि वरचा चुना अलगद पुसून घेतला. खोबणीतला चुना मात्र तसाच राहिला. काळ्या दगडावर एकेक अक्षर पांढरंशुभ्र उठून आलं! वर हिब्रू आणि त्याखाली...

"मराठी!" सरला किंचाळली.

तिचा आवाज ऐकून कामावरची माणसं गोळा झाली. मालन नावाची मजूरबाई सगळ्यांत पुढे होती. "काय लिवलंय गो, पोरी? वाच ना!"

सिप्पोरा एकेक शब्द लावत वाचू लागली. "हन्नाबाई आबाजी तेली. मरण सन १८९१. हिने गावात... कोणाचे घरी... दिवा विझू दिला नाही."

मालनने हातातली पहार खाली ठेवली.

"बायचं नाव हाय ह्यावर. मी नाय पाय देनार, आनि गाडी तर नायच नाय!"

"मी पन नाय!" दुसरा मजूर म्हणाला.

एवढ्यात काशीराम परत आला. "अरे, बसलात काय? सिमेंटमध्ये पाणी घाला!"

कुणी जागचं हललं नाही. काशीरामने दगडाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तरी तो म्हणाला, "कोण कुठली बाई! शंभर वर्षं होत आली! तिला विचारायला आता आहे कोण?"

"मी आहे," सिप्पोरा म्हणाली. ती दगडासमोर जाऊन उभी राहिली. "माझी कुणीतरी लागते ती."

"आणि माझीही! गावातलं माणूस ते माझंच!" मागून दणदणीत आवाज आला. टांग्यातून सरलाचे आजोबा, दिनानाथराव, उतरत होते आणि त्यांच्यामागे काठी टेकत रूथबाई. दिनानाथरावांनी चष्मा पुसून दगड वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि ते हळूच खाली बसले.

"शनवार-तेलीण!" ते म्हणाले. "माझी आजी सांगायची. शनिवारी तिचा घाणा बंद असायचा. पण ज्याच्या घरी तेल नसेल, त्याच्या उंबऱ्यावर रविवारी पहाटे तेलाची वाटी ठेवलेली असायची. कुणी ठेवली ते ती कधी कबूल करायची नाही. आमच्या घरीही आजीच्या बाळंतपणात महिनाभर तिचंच तेल होतं. मला वाटायचं, आजीची ही नुसती गोष्टच!"

काशीरामने टोपी काढली. "चुकलो, दादा. मी शेवाळसुद्धा खरवडून पाहिलं नाही."

"आम्ही म्हातारे तरी कुठे लक्ष देत होतो?" दिनानाथराव म्हणाले. "चिंचेखाली काय आहे, हे आमच्यापैकी एकाने तरी जाऊन बघायला हवं होतं."

रविवारी सकाळी काशीरामच्याच गाडीतून चारही दगड चिंचेखाली परत गेले. त्याने स्वतः पहार धरून ते जागच्या जागी बसवले आणि भोवती कुंपणही घातलं. साकवासाठी दुसरे दगड आले. दिनानाथरावांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर थाप मारली. "पंचायतीत आम्ही नऊजण आहोत. पण गावाची आठवण राखली ती तुम्ही तिघांनी!"

"आणि एका फडक्यानं!" युजीन म्हणाला, तसे सगळे हसले.

त्या दिवशी संध्याकाळी रूथबाईंच्या ओटीवर चटया कमी पडल्या. मजुरांची पोरं आली, युजीनची आई केळी घेऊन आली, काशीराम पायरीवर अवघडून बसला. दिवे ठेवण्याच्या लाकडी फळीवर आठ पेले होते आणि त्यांतल्या पहिल्यात खोबरेल तेल घातलेलं होतं.

"बाय, ह्यो सन कसला?" मालनने विचारलं.

रूथबाई खुर्चीवरून उठल्या आणि पोरांच्या घोळक्यात खाली चटईवर जाऊन बसल्या. "मला नका विचारू. सिप्पोराला विचारा."

सिप्पोराने सरकून मालनला आपल्या शेजारी जागा करून दिली. मग ती उभी राहिली.

"आमच्या सणाचं नाव हनुका," ती शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "फार पूर्वी यरुशलेमच्या मंदिरात एका दिवसापुरतंच तेल उरलं होतं..."