चला, बसा मागं

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलं आहे. त्यात माझं पदरचं काही नाही.

एप्रिल १९७३. दुष्काळाचं साल. नगर शहर. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

शामकांतमामा येवल्याला शाळामास्तर. लग्नानंतर सासऱ्यांची बदली नगरला झाली, त्यामुळे मामांनी ते शहर कधी पाहिलं नव्हतं. लीनामामी बाळंतपणाला तिकडेच गेली होती. मुलगा झाल्याचं कार्ड आलं. त्यातच सासूबाईंची, अंबिकाबाईंची, ताकीद होती. दुपारी दोघं झोपलेली असतात, चारनंतर या. पण दिवे लागायच्या आत या.

गाडी बाराला पोचली. चार तास करायचं काय? मामा स्वस्थ बसतील तर शपथ! स्टेशनाबाहेरच्या दुकानात सासऱ्यांचं नाव सांगून त्यांनी भाड्याची सायकल घेतली आणि निघाले गाव बघायला.

नवा नवा बाप! शीळ घालत, घंटी वाजवत पेठा पाहिल्या, वेशी पाहिल्या. मग भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडे वळले.

तिथे चिटपाखरू नव्हतं. वाराही नव्हता.

एका बाभळीखाली एक बाई बसली होती. हात असे, मांडीवर लेकरू घेतल्यासारखे...

मांडी रिकामी होती.

"कुनीकडं निगाला, मास्तर?"

आपण मास्तर आहोत हे हिला कसं कळलं, हे मामांच्या डोक्यातच आलं नाही. आनंद पोटात मावत नव्हता.

"पोरगा झालाय मला! बघायला चाललोय."

"मला बी दावा की."

मामांचा स्वभाव थट्टेखोर.

"चला, बसा मागं!"

बाई हसली. मामाही हसले. पायडल मारलं...

आणि सायकल जड झाली.

मागे पाहिलं. कॅरिअर रिकामं. बाभळीखाली... कुणीच नाही.

चाकांत हवा होती. चेन जागेवर होती. तरी डबलसीट ओढावी तशी सायकल ओढत, घामाने निथळत, पत्ता विचारत मामा एकदाचे घरी पोचले.

मामा उतरले. सायकल आणखी एकदा हलली...

मग हलकी झाली.

"आधी पायांवर पाणी घ्या," अंबिकाबाई दारातच म्हणाल्या. बाहेरून आलेलं माणूस पाय धुतल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत जात नसे. पण नळ चार दिवस कोरडा. बादलीच्या तळाशी जेमतेम दोन तांबे पाणी.

"राहू द्या, आई. बाळाच्या अंघोळीला होईल."

नको तिथे शहाणपण! मामा तसेच आत शिरले.

मामी बाळाला घेऊन खाटेवर बसली होती. मामांना पाहून लाजली. मग त्यांच्या खांद्यामागे पाहिलं... आणि पदर सावरला.

मामा पिशवी कोपऱ्यात ठेवायला वळले. तेवढाच काय तो वेळ.

"बाळ कुठंय?"

"अहो, दिलं ना आत्ता."

"कुणाला?"

"तुमच्याबरोबर आल्या ना, त्यांना. त्यांनी हात पुढे केले... मला वाटलं, तुमच्याकडच्याच कुणी."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

बाळ खाटेखाली सापडलं. दुपट्यात नीट गुंडाळलेलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

फक्त श्वास नव्हता.

डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही. मामा-मामींना पुन्हा मूल झालं नाही.

मी शिकायला त्यांच्याकडेच होतो, म्हणून हे कानांनी ऐकलं आहे. ती बाई कोण, कुठली, मला आजही ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचं धाडसही नाही. मामी कधी भांडली नाही, कधी रडली नाही. फक्त एखाद्या दिवशी वाढता वाढता थांबायची आणि अगदी साध्या आवाजात विचारायची,

"तुम्हीच आणलंत ना हो तिला?"

मामा हातातला घास ताटात ठेवायचे. आणि दरवेळी खरं तेच सांगायचे.

"हो."