हौशीरामची बगळी

किल्ली चालू होती की बंद?

गोरखनं हे हवालदाराला विचारलं, गाडी ओढून आणणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, आईला विचारलं. कुणी खाली बघायचं, कुणी विषय बदलायचं.

शेकोटी विझू देऊ नका, पोरांनो. हा गोरख माझ्या चांगल्या ओळखीतला. गाव लोणी. शाळा पाचवीपर्यंत. हात कसबी, डोकं तापट.

त्याच्या थोरल्या भावानं, हौशीरामनं, अठ्ठ्याण्णव साली एक जुनी पांढरी गाडी घेतली. आळीतली पहिली. हार घालून मिरवत आणली, ती वेशीतच बंद पडली. दिसायला ऐटबाज आणि एका जागी तासन्‌तास उभी, म्हणून नाव पडलं बगळी. "काय हौशीराम, पावणी उठली का?" लोक चिडवायचे, अन् हसत हसत धक्काही मारायचे.

लिटरला नऊ किलोमीटर. गोरखनं कार्बोरेटर खोलून साफ केला, चाकांत हवा मापून भरली, टपावरचं जड कॅरिअर काढून टाकलं. बारा झाले. तरी त्याचं समाधान होईना.

"दादा, उतार फुकटचा हाय. माथा आला की किल्ली बंद कर. लई वाचतंय."

"लेका, पंपवाल्याला उपाशी मारशील!" हौशीराम हसला. पण सवय लागली. चौदा झाले. दोघं भाऊ बंद गाडीतून उतरताना नुसता वारा ऐकत बसायचे.

दोन हजार सालच्या दिवाळीनंतर, लोणीच्या अलीकडच्या उतारावर, बगळीनं वळण घेतलंच नाही. हौशीराम जागेवर गेला. घरात आरतीवहिनी, सातवा महिना लागलेली. इंजिन बंद असलं की ब्रेक धड लागत नाही. गोरख किल्लीचं का विचारत होता, कळलं ना?

वारूळवाडीच्या भिमाजी मिस्त्रीनं गाडी पुन्हा उभी केली. अठरा जानेवारी, गुरुवार. गोरख तिथंच बसून होता. रात्री साडेनऊला लोणीहून आईचा, प्रयागबाईचा फोन आला.

"वहिनीला कळा लागल्यात. जीप कुठंच मिळंना. बिगी बिगी ये."

"ब्रेकचं काम राहिलंय, राव. सकाळी ने," भिमाजी म्हणाला.

"सकाळपतुर ती थांबंल का?" गोरखनं किल्ली हिसकावली.

मंचर मागं पडलं. उताराच्या माथ्यावर आला तेव्हा पावणेअकरा झाले होते. दोन्हीकडं ऊस. बिबट्याचा भाग, खाली पाय टाकायची सोय नाही.

माथा ओलांडला… आणि इंजिन बंद झालं.

त्यानं किल्ली फिरवली. चालू. दहा हात गेला. बंद.

पुन्हा फिरवली. बोटं किल्लीवरच घट्ट धरून ठेवली.

किल्ली बोटांतच वळली. हळू… मागं.

आता नुसता वारा.

वेग वाढला. ब्रेक दाबला. पाय तळाला टेकला. वळण समोर.

"दादा… युक्ती माझी व्हती…"



त्यानं डोळे मिटले. हातातलं स्टिअरिंग वळलं. त्यानं वळवलं नव्हतं.

डोळे उघडले. वळण मागं गेलेलं. इंजिन चालू.

शेजारी बघितलं नाही. आरशात तर नाहीच.

घरापुढं ब्रेक नव्यासारखा लागला. वहिनी आणि आई मागं बसल्या.





पाऊण तासात मंचर. दवाखान्याच्या दारात त्यानं ब्रेककडं पाय नेला.

पाय पोचेना.

सीट मागं सरकलेली. पार शेवटच्या खाचेपर्यंत. गोरख ठेंगण्या बांध्याचा. हौशीराम सहा फुटी.

पाय हवेत…

आणि गाडी थांबली. अलगद. बरोबर दारासमोर.

पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी भिमाजीनं मंचरला येऊन ब्रेकचं राहिलेलं काम उरकलं, सीटला पाना लावला, तिच्या रुळात तेल सोडलं. रुळावर गंज नाही, काही अडकलेलं नाही. सीट तसूभर पुढं आली नाही. आजही येत नाही.

पाचव्या दिवशी मायलेकी घरी निघाल्या. भिमाजी उंच, म्हणून गाडी त्यानं चालवली. माथ्यावर गोरख म्हणाला, "थांबा भाऊ. इंजन बंद करू नगा."

तो खाली उतरला, आणि 'हळू या' म्हणून एक हात वर धरून, तो सगळा उतार गाडीच्या पुढं चालत गेला.