सहीच्या आधी

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या भाईदास शेठच्या लूमखात्यात ते दोघं एकाच बाकावर बसले होते. शेजारचा हसऱ्या डोळ्यांचा माणूसही आपल्यासारखाच स्टॅबिलायझर विकायला आलाय, हे गायत्रीला शेठनं दोघांना आत बोलावल्यावरच कळलं.

ऑर्डर तिला मिळाली. आपलं यंत्र उचलत तो माणूस, योगराज, म्हणाला, "अभिनंदन, मॅडम! पण तुमचं मशीन फारच गुणगुणतं हं…"

"आणि तुमचं?"

"माझं गुपचूप ऐकून घेतं."

तिला हसू आवरेना.

लूम कामगाराची ही मुलगी. दोन छोटे कारखाने सामील करून घेऊन तिनं कंपनी वाढवली होती. आता मोठ्या मिलची ऑर्डर धरायची, तर योगराजचा पर्वत पाटिया भागातला कारखाना हवाच होता. तो विकत घ्यायची बोलणी करायला ती जाऊ लागली.

"माझा एकही कारागीर काढायचा नाही," तो म्हणाला.

"कबूल."

"कारखान्याला नाव माझंच राहील."

"अजिबात नाही!"

"मग चा घ्या… परत बोलू."

परत बोलता बोलता उन्हाळा सरला. गायत्रीला तर वाटू लागलं, एखादी अट राहू दे बाई अशीच अडलेली! निघताना ती आरशासमोर जास्त रेंगाळली, की आई, पुष्पाबाई, हळूच विचारायची, "हाऊ सौदाज शे ना, बेटा?" हा नुसता सौदाच आहे ना, असं.

शेवटी योगराजनं नावाचाही हट्ट सोडला. सहीचा दिवस उजाडला. त्यानं पेन उचललं… आणि खाली ठेवलं.

गायत्री पुढे झुकली. "बेत बदलला?"

"नाही. पण सही केली की तुम्ही माझ्या मालकीणबाई. मग एक विचारायचंय, ते धाडस व्हायचं नाही—"

भल्याभल्या शेठियांना बोलण्यात गुंडाळणारी गायत्री, पण आज तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं कागद ओढला, 'विक्री' शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं — 'भागीदारी'.

"मालकीण वगैरे कुणी नाही. कंपनी दोघांची, नाव दोघांनी ठरवायचं. आधी सही करा, मग काय ते विचारा. नाहीतर लोक म्हणतील, गायत्रीनं लग्न करून कारखाना लाटला!"

योगराज डोळे मिचकावत म्हणाला, "लग्नाचं नाव मी कुठं काढलं?"

तिनं जीभ चावली. "मग… काय विचारणार होता?"

"तेच," तो म्हणाला, आणि त्यानं झोकात सही ठोकली.