एकशे तेराव्या तबकडीचे दोरे

नंदुरबारच्या स्टेशन रस्त्यावर हिंमतरावांचे लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. एकोणीसशे बासष्टच्या माघात त्यांनी मला गाण्यांच्या तबकड्या नीट लावून ठेवण्यासाठी ठेवून घेतले. मी मॅट्रिक झालेलो, माणसांत बुजणारा. हे काम मला मानवले.

तबकड्या दोनशेच्या आसपास होत्या, पण कुठलीही वेळेवर सापडत नसे. प्रत्येक प्रसंगाला एक खण करून पाहिला, तो पुरेना. एकच गाणे वरातीतही वाजे आणि बारशालाही. मग मी पाकिटांना दोरे बांधू लागलो. हळदीला पिवळा, वरातीला तांबडा, पाठवणीला निळा, बारशाला हिरवा, भजनाला भगवा. काही पाकिटांवर तीन-तीन दोरे आले. दुपारच्या उन्हात ते रंग हलत तेव्हा मला उगाच समाधान वाटे. आयुष्यातले सगळे प्रसंग आपण पाच रंगांत आणले, असे वाटे.

एकशे तेरा क्रमांकाच्या तबकडीवरचा कागद झिजून गेला होता. मी फोनोला चावी दिली, सुई टेकवली. खरखर ऐकू आली. शेवटपर्यंत फक्त खरखर.

"कोरी आहे," मी म्हणालो.

कर्णा पुसत बसलेला ऑपरेटर भिला हसला. "कानमा कापूस घालेल शे का, मास्तर? पाठवनीनं गानं शे. कितलं गोड शे!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होते. थट्टा करणाऱ्याच्या डोळ्यांत ते नसते. माझेच कान अधू असतील, असे समजून मी निळा दोरा बांधला.

दोन दिवसांनी हिंमतरावांनी ती ऐकली आणि निळा दोरा पाहून ते माझ्यावर उखडले. "पाठवनी? अरे, पाळना शे हाऊ! तुले आयकू येत नही का?"

मी हिरवाही बांधला.

आठवडाभरात भिलाच्या मुलीचे लग्न ठरले. दोन ठिकाणांहून नकार आलेली मुलगी. होळीच्या सुमारास हिंमतरावांना नात झाली. सुनेला दिवस गेल्याचेही त्यांनी आम्हाला सांगितले नव्हते. मी स्वतःला समजावले की लग्ने ठरतात, मुले जन्मतात. तरी रोज दुपारी दुकान रिकामे झाले की मी ती तबकडी लावी आणि कान जवळ नेई.

खरखर.

एके दिवशी दोरे कापताना मला म्हसावद आठवले. तिथे लग्नाच्या मांडवात आमचा कर्णा वाजत होता आणि शेजारच्या गल्लीत एक तरुण वारला. भिलाने लगेच कर्णा उतरवला. मयताच्या घरापाशी आपण वाजवत नाही, हा धंद्याचा नियम. त्या प्रसंगाला माझ्याकडे दोराच नव्हता. तिथे फक्त शांतता असते.

परतताना बैलगाडीत मी विचारले होते, मयताचे अंग पिवळे का दिसत होते? भिला हलक्या आवाजात म्हणाला होता, "कुवारा गया ना आंडोर. म्हनीसन जाताना हळद लावतस." बिनलग्नाच्या मुलाची हळद अशी होते, हे मला तेव्हा कळले.

हे आठवले त्या दिवसांत माझी आई, जमनाबाई, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात तापाने पडून होती. मला तिच्यावाचून कोणी नव्हते. तबकडीवर मला भेटणारी शांतता तिच्याच मरणाची, अशी माझी खात्री झाली. मी तबकडी कपाटात, सर्वांत खाली ठेवली. अकरा दिवस नीट जेवलो नाही.

बाराव्या दिवशी आई बरी होऊन आली. आपल्या पायांनी, डोक्यावर पदर सावरत, डॉक्टरांचे कौतुक करत.

मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दुपारी मी तिला मुद्दाम दुकानात आणले. भीती मोडून टाकायची होती. तिला खुर्चीवर बसवले, एकशे तेरा काढली, सुई टेकवली.

खरखर.

आईचा चेहरा उजळला.

"हळदनं गानं शे ना, भो!"

मी तिच्याकडे पाहत राहिलो.

"बाया तुन्हं नाव लई ऱ्हायन्यात. रूपचंद, रूपचंद." ती मान डोलवू लागली. "मन्ही सून येवानी शे, दुसरं काय!"

थोड्या वेळाने तिची मान थांबली.

"पन ढोल का बरं वाजी नही ऱ्हायना?"

सुई मध्यापाशी जाऊन थांबेपर्यंत आम्ही बसून होतो. मग मी पिवळा दोरा कापला आणि पाकिटाला बांधला. माझ्या बोटांनी गाठ व्यवस्थित मारली.

हे लिहितो आहे तो त्या दुपारनंतरचा तिसरा दिवस. अंगणात सुपात हळकुंडे वाळत आहेत. आई उकिडवी बसून ती निवडते आहे आणि ते गाणे गुणगुणते आहे.

मला फक्त तिचे ओठ हलताना दिसतात.