नाव कोरलेला पेला

"दारू घेता? कधीपासून?" निगडीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान न उचलता विचारलं, आणि शेजारच्या खुर्चीतले आबा, अपेक्षाचे वडील, चुळबुळले.

"आता नाही... कॉलेजात, मैत्रिणींच्या नादानं घ्यायचे," ती म्हणाली. खोटं! धादांत खोटं! पण डाव्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आल्यापासून सत्तरी ओलांडलेला बाप निम्मा झाला होता; त्याच्या पदरात आता हेही कशाला घालायचं, असं तिच्या कळवळल्या अंतःकरणानं ठरवून टाकलं होतं.

चाकणजवळची जमीन कंपनीला गेली, त्या वर्षी तिला चौदावं लागलं होतं. पोटी मुलगा नाही म्हणून भावकी टोमणे मारायची, आणि आबांची, सोपानरावांची, जिद्द अशी की विचारू नका! माझी लेक लेकापेक्षा काय कमी हाय, म्हणत त्यांनी तिला पुरुषांच्या पिण्याच्या बैठकीत मांडीला मांडी लावून बसवलं, राजगुरुनगरहून स्टीलचा पेला आणून त्यावर तिचं नाव कोरून घेतलं आणि त्यात बियर ओतली. आई, छबूबाई, एकदाच आडवी आली, तर तिला चारचौघांत गप्प केलं. तो कडू घोट गिळताना पोरीला एवढंच कळायचं, की आज बापाची मान ताठ आहे... लग्न होईतो दर बैठकीला तो पेला भरत राहिला. लग्नानंतर ती थेंबाला शिवली नाही, पण पेला काही पाठ सोडेना! माहेरच्या मांडणीवर तो दिसला की जिभेवर कडू चव यायची, आणि गेला महिनाभर तर सासरी, दिघीच्या घरात, चहा पितानाही तीच चव येत होती.

"डॉक्टर, ती खोटं बोलतीया," आबा एकाएकी म्हणाले. "चौदाव्या वर्षी म्या पाजली. माझ्या हातानं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वाढत्या वयातल्या दारूनं पुढं स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे खरं, पण याच गाठीचं कारण ते, असं कुणालाच सांगता येणार नाही. गाठ लवकर सापडली आहे, उपचार होतील, असं त्यांनी समजावलं.

"पन ते नव्हतंच, असंबी सांगता येत न्हाई ना?"



बाहेर आल्यावर अपेक्षानं बापाचा हात धरला. मनात राग होता, इतक्या वर्षांचा साचलेला, आणि माया त्याहून जुनी! "आबा, माझ्या ओवीलाही आता चौदावं लागलंय," ती म्हणाली. "दिवाळीत तिला बैठकीत बसवणार म्हणत होता ना? मग हे सगळं तिला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळीच आबा दिघीला आले. भावकीत कधी कुणापुढं न वाकलेला तो माणूस नातीसमोर जमिनीवर बसला आणि पिशवीतून पेला काढून त्यानं मध्ये ठेवला. ओवीनं आईचं नाव वाचलं आणि हरखून विचारलं, "आबा, माझ्या नावाचा कधी आणणार?"

आबांनी पेला तिच्यापुढून आपल्याकडे ओढून घेतला.

"न्हाई आननार, बाय," ते म्हणाले. "का न्हाई, तेच सांगाया आलोय."

आत ओट्यापाशी अपेक्षानं गॅस बंद केला. बापाचा एकही शब्द तिला चुकवायचा नव्हता.