नोट्सपुरता लॅपटॉप

पाचवा लॅपटॉपही रुचिकाला जुमानेना. ती टचपॅडवर बोट फिरवत होती आणि पडद्यावरचा बाण जागचा हलत नव्हता.

“हापण बिघडला जी,” ती थकून म्हणाली.

काउंटरपलीकडच्या हिमांशूने यंत्र स्वतःकडे ओढलं. त्याच्या बोटाखाली बाण सुळकन पळाला. मग त्याने तिच्या हातांकडे पाहिलं.

“धानाच्या रोवण्यात होत्या का?”

“पंधरा दिवस. काऊन?”

“मशीन चांगली आहे. चिखलानं बोटं सोलले तुमचे. आमच्या मायचीबी हेच गत. रोवणा आला का मोबाईल तिले ओळखतच नाही!” तो हसला. “तवर माउस वापरा.”

ती हसली नाही… पण स्टुलावर टेकली. गोंदियाच्या बाजारात सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती.

“हलका पाहिजे. दिवसभर चार्ज पुरला पाहिजे. सोमवारपासून बी.एड.चे वर्ग आहेत.”

“नोट्ससाठी वही काऊन नाही?”

“नाही चालत,” एवढंच ती म्हणाली.

दोन वर्षं तिने बाबांच्या औषधांच्या वेळा वहीत लिहिल्या होत्या. चैत्रात बाबा गेले. वही मिटली, पण हाताला ते कळलं नाही. प्रवेशाच्या दिवशी सर बोलत होते, ती लिहून घेत होती, आणि खाली पाहते तर कागदावर सकाळची गोळी, दुपारचं इंजेक्शन… नोट्स घेता आल्या नाहीत, तर वर्ग सोडायचा, असं तिने ठरवलं होतं. दवनीवाड्यात घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

हिमांशूने वहीएवढा एक लॅपटॉप पुढे ठेवला. “मी सर होतो. तुम्ही लिहा.” त्याने घसा खाकरला. “विद्यार्थ्यांनो, दुकानदाराच्या गोड बोलण्यावर भरोसा नोका ठेवू…”

“हळू, सर! बस सुटून राहिली का तुमची?”

कीबोर्डच्या कळा मऊ होत्या. पडद्यावर तो बोलला तेवढंच उमटलं. दुसरं काही नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही.

“विचार करून येतो,” ती म्हणाली आणि उठली.

बुधवारी आली. त्याने दुसरा लॅपटॉप काढला, दुसरा तास घेतला. तिने पुन्हा विचार करायला वेळ मागितला. शुक्रवारी आली तेव्हा मात्र तिने वहीचं सगळं सांगितलं… पावसाळी हवेबद्दल बोलावं तशा आवाजात. त्याने सांत्वन केलं नाही. चहा मागवला, तिचा कप रिकामा होईपर्यंत थांबला आणि पहिल्या दिवशीचा लॅपटॉप उघडला.

“घ्या लिहून. आजचा विषय गिऱ्हाईक. दवनीवाड्याची बस अकराले येते. दुकानदार साडेदहापासून दारात उभा राहते.”

तिची बोटं चालत होती, वर्गात चालतात तशी, अर्थाकडे न बघता.

“हेच मशीन बरोबर आहे, हे त्याले पहिल्याच दिवशी मालूम होतं. सांगितलं असतं, तं गिऱ्हाईक परत आलं नसतं.”

बोटं थांबली. तिने वरपासून वाचलं.

“सर… हे परीक्षेत येते का?”

“नाही जी.” तो खाली बघत म्हणाला, “उत्तर नाही देलं तरी चालते. पण वर्ग सोडू नोका. मशीन घ्या आन सोमवारी जा.”

तिला वाटलं होतं, आता नवं काही सुरू करायचं बळच उरलेलं नाही. आनंदाचंसुद्धा ओझं वाटेल इतकी ती दमली होती. तरी तिने सावकाश एक ओळ लिहिली आणि पडदा त्याच्याकडे वळवला…

‘बाबांचं वर्ष होईपर्यंत घरी बोलायचं नाही. शनिवारी वर्ग लवकर सुटतो.’

त्याने ती ओळ दोनदा वाचली.

“हाच बांधून द्या,” रुचिका म्हणाली. “शनिवारी तर दुकान चालू राहते तुमचं.”

“राहत होतं,” हिमांशू म्हणाला.